ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक तापतंय? पंप उतरवण्याआधी या क्रमाने तपासा

ज्वारीची काढणी उरकली, ऊस कारखान्याला गेला, की सोलापूर जिल्ह्यात नांगरटी लागतात. मार्च ते मे, काळं रान वाळून दगडासारखं झालेलं, मागे पलटी नांगर आणि दुपारची हवा ४२ अंशांच्या आसपास. याच दिवसांत तक्रार सुरू होते. सकाळी लिफ्ट झटकन उचलते. दुपारी एकच्या सुमाराला नांगर वर यायला वेळ लावतो, उलटताना अर्ध्यात थांबतो आणि मागच्या चेंबरवर (तेल असलेल्या बिडाच्या पेटीवर) हात ठेववत नाही. अशा वेळी शेजारून पहिला सल्ला येतो, "पंप गेलाय, बदलून टाका." पंप खराब असूही शकतो, पण तो तपासायच्या यादीत सर्वांत शेवटी येतो. त्याच्या आधी फुकटात किंवा दोन-चारशे रुपयांत तपासून होणाऱ्या बऱ्याच गोष्टी आहेत आणि दोष बहुतेकदा त्यांतच सापडतो.

तेल तापतं कशामुळे

पंप इंजिनची ताकद घेऊन तेल ढकलतो. त्या तेलाने वजन उचललं तर ताकद कामी आली. तेल दाबाखाली एखाद्या फटीतून, अर्धवट उघड्या कपलरमधून (पाईप जोडायच्या तोंडातून) किंवा रिलीफ व्हॉल्व्हमधून (दाब जास्त झाला की तेल सोडून देणाऱ्या व्हॉल्व्हमधून) नुसतंच परत टाकीत गेलं, तर ती सगळी ताकद उष्णता होऊन तेलात राहते. म्हणून तापणाऱ्या हायड्रॉलिकचा शोध म्हणजे काम न करता तेल कुठे पिळलं जातंय याचा शोध.

आकडा पाहा. पंप मिनिटाला २५ लिटर तेल देतोय आणि ते १८० बार दाबाने रिलीफ व्हॉल्व्हमधून परत जातंय असं धरा. १८० गुणिले २५ भागिले ६००, म्हणजे साडेसात किलोवॅट, सुमारे १० एचपी. पाणी तापवायच्या दीड हजार वॅटच्या पाच कॉइल एकदम तेलात सोडल्यासारखं हे झालं. तेल ३० लिटर असेल तर एवढ्या उष्णतेने ते मिनिटाला आठ-नऊ अंश चढेल. चेंबरचं बीड आणि हवा त्यातला वाटा घेतात, म्हणून प्रत्यक्षात वेग कमी दिसतो. तरी रिलीफ व्हॉल्व्ह सतत शिटी मारत असेल तर अर्ध्या तासात काय होईल याचा अंदाज येतो.

उन्हाळ्यात भर पडते ती हवेची. तेल ७० अंशांवर आणि डिसेंबरच्या दुपारी हवा ३० अंशांवर असेल तर फरक ४० अंशांचा. मे महिन्यात हवा ४२ अंशांवर, म्हणजे फरक फक्त २८. चेंबर हवेला जेवढी उष्णता देऊ शकतो ती जवळपास तीस टक्क्यांनी घटते. हिवाळ्यात लपलेला दोष उन्हाळ्यात उघडा पडतो तो यामुळे. "ऊन आहे, तापणारच" म्हणून सोडून देऊ नका.

किती ताप चालतो? काम करताना तेल ५० ते ६५ अंशांवर असेल तर उत्तम. उन्हाळ्यात ७५ पर्यंत गेलं तर लक्ष ठेवा. ८२ च्या वर तेल आणि रबरी सील दोन्ही लवकर खराब होतात. त्यापुढे दर दहा अंशांना तेल करपण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. तेल तापून पातळ झालं की फटींतून जास्त गळतं, जास्त गळालं की आणखी तापतं. एकदा हे चक्र लागलं की थांबून थंड होऊ देण्याशिवाय इलाज नसतो.

हात लावण्याआधी

अवजार जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. मग लिफ्टचा आणि बाहेरच्या कपलरचा लिव्हर दोन्ही बाजूंना चार-पाच वेळा हलवा, म्हणजे पाईपांत अडकलेला दाब निघून जातो.

पाईपमधून बारीक गळती वाटली तर ती बोटाने शोधायची नाही. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून येणारं तेल कातडी भेदून आत शिरतं. बाहेर फक्त ठिपका दिसतो, फारसं दुखतही नाही, पण काही तासांत हात निकामी होऊ शकतो. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवा, तेलाचा डाग पुठ्ठ्यावर उमटेल. कोणाला असं तेल टोचलंच तर वाट न बघता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात न्या आणि "जास्त दाबाचं तेल कातडीत गेलंय" हेच शब्द डॉक्टरांना सांगा.

डंपिंग ट्रॉली उचलून खाली काम करायचं असेल तर लोखंडी टेकू लावल्याशिवाय कोणीही आत वाकायचं नाही. नुसत्या जॅकच्या (ट्रॉली उचलणाऱ्या तेलाच्या सिलिंडरच्या) भरवशावर तर अजिबात नाही.

पहिलं काम: तापमान मोजा

हाताचा अंदाज फसवा असतो. ६० अंशांच्या बिडावर हात ठेववत नाही आणि ८५ च्याही ठेववत नाही, मात्र दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लांबून तापमान दाखवणारी लेझर गन आता स्वस्तात मिळते, एक घेऊन ठेवा. चकचकीत पाईपवर किंवा क्रोमच्या रॉडवर ती चुकीचा, कमी आकडा दाखवते. तिथे काळी इन्सुलेशन टेप चिकटवून टेपवर मोजा.

तासभर काम झाल्यावर ट्रॅक्टर थांबवून लगेच या ठिकाणचे आकडे वहीत लिहा: मागचा चेंबर, सक्शन पाईप (पंपाकडे तेल ओढून नेणारा), पंपाचं अंग, कंट्रोल व्हॉल्व्ह, बाहेरच्या लिव्हरचा व्हॉल्व्ह, दोन्ही कपलर, नांगराचा किंवा ट्रॉलीचा जॅक. सगळं अंग सारखं तापलेलं असेल तर दोष पसरलेला आहे: तेल कमी, चुकीचं किंवा थंडच होत नाही. एखादी जागा शेजारच्या भागापेक्षा १० ते १५ अंशांनी जास्त निघाली तर तेल तिथेच पिळलं जातंय. पुढची तपासणी तिथून सुरू करा.

तेल: पातळी, रंग, जात

सपाट जागा, लिफ्टचे हात खाली, ट्रॉली जोडलेली असेल तर तिचा जॅक पूर्ण बसलेला, इंजिन बंद करून दहा मिनिटं झालेली. पातळी अशीच बघायची. जॅक वर असताना डिपस्टिक पाहून तेल ओतलं, तर जॅक बसल्यावर ते जास्त होतं. जास्त तेलही तापतं, कारण गिअर आणि हायड्रॉलिकचं तेल एकच असलेल्या ट्रॅक्टरमध्ये मोठे गिअर ते घुसळत राहतात. कमी असेल तर तेच थोडं तेल पुन्हा पुन्हा फिरतं आणि त्याला निवायला उसंत मिळत नाही.

डिपस्टिकवरचं तेल पांढऱ्या कागदावर टेकवा. काळसर आणि करपल्याचा वास म्हणजे ते आधीच जास्त तापलेलं आहे, आता वरून भर घालून उपयोग नाही. ताकासारखं दुधाळ म्हणजे पाणी शिरलंय. ट्रॅक्टर धुताना ब्रीदरवर (चेंबरच्या हवेच्या तोंडावर) जोरात पाणी मारणं हे त्याचं नेहमीचं कारण. फेस असेल तर सक्शनच्या बाजूने हवा आत येतेय.

तेलाची जात पुस्तकात बघूनच घ्या. इंजिनचं उरलेलं तेल, साधं गिअर ऑईल, "सगळ्याला चालतं" म्हणून दिलेलं खुलं तेल यातलं काहीही भरायचं नाही. ऑईल ब्रेकच्या ट्रॅक्टरमध्ये तर ब्रेकच्या प्लेटाही याच तेलात असतात. चुकीच्या तेलाने लिफ्ट बिघडतेच, ब्रेकही कर्कश वाजायला लागतात.

ऊसपट्ट्यात हमखास दिसणारी एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. टेंभुर्णी, माढा, अकलूज भागात एकच भाड्याची डंपिंग ट्रॉली हंगामात कितीतरी ट्रॅक्टरांना जोडली जाते. जॅकमध्ये आधीच्या ट्रॅक्टरचं तेल उरलेलं असतं आणि ते तुमच्या चेंबरमध्ये येतं. त्याबरोबर येते कपलरवरची माती. अशी ट्रॉली जोडायच्या आधी दोन्ही कपलर डिझेलच्या फडक्याने पुसा. नंतर त्यांना रबरी टोपी लावायची सवय ठेवा. दहा-वीस रुपयांची टोपी पंपाचे गिअर वाचवते.

पलटी नांगराचा लिव्हर

सगळ्यात जास्त ताप इथून येतो, म्हणून जरा सविस्तर.

तासाच्या टोकाला ड्रायव्हर नांगर उचलतो, बाहेरचा लिव्हर ढकलतो, नांगर उलटतो. जॅकचा रॉड टोकाला पोहोचला की तेलाला पुढे वाट नसते. त्यानंतर लिव्हर जितका वेळ दाबलेला राहतो तितका वेळ पंपाचं सगळं तेल रिलीफमधून जातं आणि इंजिनचा आवाज जड होतो. दोनशे मीटरच्या पट्टीत वळणासकट एका फेरीला साधारण तीन मिनिटं धरा, म्हणजे तासाला वीस वळणं. प्रत्येक वळणाला लिव्हर दहा सेकंद जास्त दाबला गेला तरी तासाला दोनशे सेकंद पूर्ण रिलीफ. वरच्या हिशोबाने तेवढ्याच उष्णतेने तेल पंचवीस-तीस अंश चढलं असतं. लिव्हर सोडायची वेळ बदलली, तर काही सुटे भाग न बदलता दुपारची तक्रार संपते. ड्रायव्हरला शिकवायची खूण सोपी आहे: नांगर बसल्याचा ठोका ऐकू आला की हात काढायचा.

हात काढल्यावर लिव्हर स्वतःहून मध्ये येतो का तेही बघा. काही व्हॉल्व्हमध्ये लिव्हर एका जागी अडकून राहण्याची सोय असते. ती हायड्रॉलिक मोटरवर चालणाऱ्या अवजारासाठी असते, नांगरासाठी नाही. स्प्रिंग मोडली असेल, स्पूलच्या (व्हॉल्व्हमधल्या सरकणाऱ्या दांड्याच्या) तोंडाशी माती बसली असेल किंवा कोणी लिव्हरला रबर बांधून ठेवलं असेल, तर तो दिवसभर थोडासा उघडा राहतो. बाहेरून काहीच दिसत नाही, पण लेझर गन लावली की तो व्हॉल्व्ह चेंबरपेक्षा गरम निघतो.

मग कपलर. नर पूर्ण आत बसून रिंग पुढे आली नसेल तर आतली गोळी अर्धीच उघडते. नांगर एका बाजूला झटकन आणि दुसऱ्या बाजूला रेंगाळत उलटत असेल तर आधी कपलर पक्का बसवा, मग दोन्ही पाईप अदलाबदल करून पाहा. दोष पाईपाबरोबर सरकला तर पाईप किंवा कपलर खराब. सरकला नाही तर व्हॉल्व्ह किंवा जॅक बघा. जुन्या होजमध्ये आतला रबरी थर सुटून पडद्यासारखा आडवा येतो, बाहेरून पाईप ठणठणीत दिसतो.

होज बदलताना जाडी कमी करू नका. चार सूत पाईपच्या जागी दोन सूत टाकला तर त्याच प्रवाहाला अडथळा जवळपास सोळा पट होतो, कारण व्यास निम्मा झाला की रोध चौथ्या घाताने वाढतो. होज प्रेस करून देणाऱ्या दुकानात जुना पाईप सोबत न्या आणि जाडी, दाबाची क्षमता, फिटिंगचे आटे हे तिन्ही मिळवून घ्या.

आतली लिफ्ट

आता बाहेरचे पाईप काढून ठेवा आणि फक्त लिफ्ट तपासा.

हात अर्ध्यावर, लिव्हर स्थिर, इंजिन १५०० आरपीएमवर, वीस मिनिटं उभं ठेवा. या वेळी तेल जवळजवळ दाबाशिवाय फिरायला हवं. तरीही पंप आणि कंट्रोल व्हॉल्व्ह तापत गेले तर व्हॉल्व्ह पंपाला मोकळं सोडत नाही, किंवा परतीची वाट तुंबलेली आहे. मॅसी फर्ग्युसनच्या पारंपरिक रचनेत हे सहसा दिसणार नाही, कारण तिथे पिस्टन पंप तेलातच बुडालेला असतो आणि तेल त्याच्या सक्शनच्या बाजूलाच अडवलं जातं.

मग लिव्हर पूर्ण वर न्या. हात वर पोहोचल्यावर इंजिन हलकं झालं पाहिजे. आवाज जड राहिला किंवा शिटी आली तर लिंकेज (हात आणि व्हॉल्व्ह जोडणारे रॉड) जुळलेलं नाही: हात टोकाला अडकलेत आणि व्हॉल्व्हला ते अजून समजलेलं नाही. पुस्तकातल्या मापाने रॉड जुळवून घ्या. तोपर्यंत लिव्हर शेवटच्या खाचेपेक्षा थोडा खाली ठेवून काम चालवता येतं.

तिसरी चाचणी गळतीची. नांगर किंवा रोटाव्हेटर उचला, इंजिन बंद करा, जमिनीपासून एका खुणेची उंची टेपने मोजा, दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. अवजाराखाली कोणी जायचं नाही. थोडंसं ओघळणं चालतं. वीतभर खाली आलं तर सिलिंडरचं सील, ओ-रिंग किंवा व्हॉल्व्ह गळतंय. इंजिन चालू असताना हीच गळती वेगळी दिसते: अवजार दर काही सेकंदांनी उचकी लागल्यासारखं वर उडतं. प्रत्येक उचकीला पंपावर भार येतो आणि रस्त्याने अवजार नेतानासुद्धा तेल तापत राहतं.

कंट्रोलही पाहून घ्या. रोटाव्हेटरला पोझिशन कंट्रोल (ठरवलेली उंची धरणारा), नांगराला ड्राफ्ट (ओढीच्या भारानुसार हात वर-खाली करणारा). कडक ढेकळांच्या रानात ड्राफ्ट फार संवेदनशील ठेवला तर हात सतत वर-खाली करत राहतात. दोन खाचा मागे घ्या.

सक्शन, फिल्टर आणि चेंबरवरची माती

किर्र आवाज, फेसाळ तेल आणि धक्के देत उचलणारी लिफ्ट ही हवेची लक्षणं. सक्शनच्या जोडांवर एकेक करून ग्रीस थापा. ज्या जोडावर आवाज बदलला तिथली ओ-रिंग बदला. तेल स्वच्छ असूनही पंप रडत असेल तर स्ट्रेनर (सक्शनची जाळी) तुंबलेला आहे. तो काढून डिझेलमध्ये धुवा, आतून बाहेर हवा मारा, जाळी फाटलेली नाही ना ते उजेडात धरून पाहा. कागदी फिल्टर धुऊन परत लावायचा नसतो, तो नवाच टाकतात. ब्रीदरची जाळीही याच वेळी साफ करून घ्या.

ज्या ट्रॅक्टरला ऑईल कूलर आहे तिथे तो बहुधा रेडिएटरच्या पुढे असतो आणि पाचट, ज्वारीचं भुसकट, धूळ यांनी भरतो. पंख्याच्या बाजूने पुढे हवा मारा, पाती वाकणार नाहीत एवढ्याच जोराने. कूलर नसेल तर मागचा चेंबर हाच कूलर. त्यावर पावसाळ्यापासून बसलेला काळ्या मातीचा दोन बोटांचा थर उष्णता कोंडून धरतो. खरवडून काढा.

ताप हायड्रॉलिकचा नसेलही

लिफ्टला हात न लावता ट्रॅक्टर पाच-सहा किलोमीटर मोकळा चालवा. तरी चेंबर तापला तर ऑईल ब्रेक घासतायत का पाहा. पेडलला मोकळी चाल आहे का, ड्रायव्हर पाय पेडलवर ठेवून चालवतो का, दोन्ही बाजूंचं अंग सारखं तापतंय का. एकच बाजू गरम म्हणजे त्या बाजूचा ब्रेक किंवा बेअरिंग. हे न पाहता पंप बदलला तर पैसे वाया जातात आणि ताप तसाच राहतो.

पंप आणि रिलीफ व्हॉल्व्ह

इथपर्यंत काही सापडलं नाही तर गेज आणि फ्लो मीटर असलेल्या मिस्त्रीकडे जा. थंड तेलावर आणि गरम तेलावर अशी दोन्ही वेळा मोजणी करायला सांगा. थंडीत पूर्ण प्रवाह आणि तापल्यावर दाबाखाली तो खूप घटला, शिवाय पंपाचं अंग सक्शन पाईपपेक्षा १५ अंशांहून जास्त गरम निघालं, तर पंपाच्या प्लेटा झिजलेल्या आहेत. आता पंप बदलणं योग्य.

रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वायसर टाकून "प्रेशर वाढवून देतो" म्हणणाऱ्याला नकार द्या. लिफ्ट दोन दिवस ताकदवान वाटते, मग होज फुटतो, सिलिंडरला तडा जातो किंवा पंप फाटतो. रिलीफचा आकडा पुस्तकातला, तो गेज लावूनच जुळवायचा.

दुरुस्तीनंतर

तेल बदलायचं असेल तर कोमट असताना काढा, म्हणजे गाळ सोबत निघतो. चुंबकाच्या ड्रेन प्लगवर काळी मऊ पेस्ट ही साधी झीज असते. बोटाला टोचणारे चकाकते तुकडे असतील तर नवीन तेल भरू नका, आधी ते कुठून आले ते शोधा. पंप तुटलेला असेल तर जॅक आणि होजसुद्धा रिकामे करून धुवा, नाहीतर तोच चुरा नव्या पंपात जातो.

तेल भरल्यावर इंजिन पाच मिनिटं हळू चालवा, लिफ्ट अवजाराशिवाय दहा-पंधरा वेळा वर-खाली करा, नांगराचा जॅक दोन्ही बाजूंना चालवा, मग दहा मिनिटं थांबून पातळी पुन्हा पाहा. जॅक आणि पाईप भरल्यामुळे ती उतरलेली असते. जुनं तेल ओढ्यात, विहिरीजवळ किंवा अंगणातली धूळ बसवायला टाकू नका. बंद कॅनमध्ये साठवून वापरलेलं तेल घेणाऱ्या परवानाधारकाला द्या.

त्यानंतरच्या पहिल्या नांगरटीच्या दिवशी सकाळी, दुपारी बाराला आणि दोनला त्याच ठिकाणांचे आकडे त्याच वहीत लिहा. दोनचा आकडा बारापेक्षा चार-पाच अंशांनीच वर असेल आणि ७५ च्या आत असेल तर काम चालू ठेवा. तो दर तासाला दहा-दहा अंश चढत असेल तर नांगर टेकवून इंजिन थंड होऊ द्या आणि सगळ्यात गरम निघालेल्या जागेपासून पुन्हा तपासायला लागा.